जानेवारीत वैष्णोदेवी + काश्मीर, सोबत आई-बाबा अन् ७ वर्षांची पोरगी. थंडीचं काय करू?

तर्रीबाज | १२ डिसेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आधी माझी लायकी सांगतो म्हणजे सल्ले त्या मापाचे येतील. जन्म नागपूरचा, शाळा, कॉलेज, नोकरी सगळं इथलंच, मे महिन्यात दुपारी दोन वाजता बर्डीवर फिरलेला माणूस आहे, उन्हाळा मला कोणी शिकवू नये. थंडीचा अनुभव म्हणाल तर २०१८ चा डिसेंबर, २९ तारखेला पारा ३.५ वर आला होता, त्या दिवशी मी दूध आणायला गेलो होतो आणि घरी येऊन बोटं तव्यावर शेकली होती. संपला अनुभव.

आता झालंय असं की आईचा वैष्णोदेवीचा नवस राहिलाय कधीचा, आणि बायको म्हणाली की कटऱ्यापर्यंत जातोच आहोत तर आता तिथून श्रीनगरला रेल्वे पण सुरू झाली, पोरीला बर्फ दाखवून आणू. १० जानेवारीला निघतो. नागपूर ते कटरा थेट गाडी, थर्ड एसी. मग देवी, मग वंदे भारतने श्रीनगर, आणि एक रात्र गुलमर्ग. आई ६६, बाबा ७१ (शुगर आहे, गोळ्या चालू), पोरगी ७ वर्षांची आणि तिला पाच मिनिटांवर टोपी सहन होत नाही.

घरात रोज वेगळी संसद भरते. साडू म्हणतो बारा हजारांचं जॅकेट घे, बाकी काही लागत नाही. आई म्हणते दोन स्वेटर आणि गोधडी, आणि आत सुती बनियान पाहिजेच. ऑफिसातला एक जण म्हणतो दोन पेग मारले की थंडी गेली. हॉटेलात रजई मिळेल हो, त्याची चिंता नाही, माझा प्रश्न प्रवासातला आहे. गाडीत, फलाटावर, टॅक्सीत, देवीच्या रांगेत, बर्फात. तिथे काय करायचं?

हिवाळी_अधिवेशन | १२ डिसेंबर, रात्री १०:५८

नावावरून तरी मला जाणकार समजा. दर डिसेंबरात मुंबईची मंडळी इथे येतात, पहिल्या दिवशी मफलर, दुसऱ्या दिवशी कानटोपी, तिसऱ्या दिवशी दुपारी विचारतात की तुमच्याकडे ऊन एवढं कसं हो लागते. बाकी तव्यावर बोटं शेकणाऱ्या माणसाला एकटं काश्मिरात सोडू नका रे कोणी. वाचतो आहे.

कामठीचा_फौजी | १३ डिसेंबर, सकाळी ५:५०

भाऊ, सकाळी सकाळी वाचलं म्हणून लिहून टाकतो, नंतर फिरायला जाच लागते. १९ वर्षं नोकरी केली, त्यातले दोन हिवाळे द्रासकडे काढले.

पेगवाल्याचं बिलकुल ऐकू नको. दारू पोटात गेली की रक्त कातडीकडे धावते म्हणून गरम वाटते, पण तीच गर्मी बाहेर उडून जाते अन् माणूस आतून आधीपेक्षा थंड पडते, वरून त्याले समजतही नाही की आपण थंड पडून राह्यलो. हे म्या डोळ्यानं पाह्यलं आहे.

आता खरी गोष्ट. माणूस चालताना गारठत नाही, बसला की गारठते. अन् बसल्यावर सगळ्यात जास्त तो गारठते जो चालताना घामेजला होता. आमच्याकडं गस्तीवर निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे असे कपडे घालत. निघतानाच मस्त गरम वाटून राह्यलं म्हणजे अर्ध्या किलोमीटरवर घाम येणार, अन् थांबला की तोच घाम अंगावर बर्फाच्या फडक्यासारखा. तुमचं वैष्णोदेवीचं नेमकं तेच होणार हाये. १३ किलोमीटरचा चढ, लोक कटऱ्यातून सगळं अंगावर चढवून निघतात, अर्ध्या वाटेवरच्या अर्धकुमारीपर्यंत आतून भिजतात, अन् वर भवनात, म्हंजे देवीच्या मंदिरापाशी, रांगेत उभं राह्यलं की दात वाजतात. तं चढताना जॅकेट पिशवीत, कोरड्या इनरचा एक जोड सोबत, वर पोचलं की आडोसा पाहून पहिले अंगातले कपडे बदला, मग चहा. चहा पहिले नाही.

आईच्या बनियानबद्दल, माफ करजो, पण सुती बनियान हेच सगळं काम बिघडवते. कापूस घाम पिते अन् धरून ठेवते. कातडीले लागून थर्मल पाहिजे, मधात लोकर नाही तं फ्लीस, वरून वारा अडवणारं काही तरी. साडूचं बारा हजाराचं जॅकेट चांगलं असल, पण त्याच्या आत ओली बनियान असली तं ते ओल्या बनियानीवर घातलेलं जॅकेट हाये.

गोधडी मात्र न्या. पांघरायले नाही. खाली घ्यायले. फलाटावरचा लोखंडी बाक, दगडाची पायरी, हे अंगातली गर्मी खालून ओढून घेते, लोक वरून दोन शाली घेतात अन् बुड थंड लोखंडावर ठेवतात. काही तरी खाली टाकल्याशिवाय बसायचं नाही, हा नियम पोट्टीले पण शिकवा.

मुंबईहून_बदली | १३ डिसेंबर, सकाळी ९:१५

मी आताच दोन स्वेटर घालून ऑफिसला निघालोय, त्यामुळे या धाग्यावर बोलायची माझी पात्रता नाही. पण एक विचारू का, एकच जाड जॅकेट आणि तीन पातळ कपडे यात नक्की फरक काय? दोन्हीचं वजन सारखंच ना?

अनुराधा_ट्रेकवाली | १३ डिसेंबर, दुपारी १:३०

@मुंबईहून_बदली, ऊब कापडात नसते हो, दोन कापडांच्या मध्ये जी हवा अडकते तिच्यात असते. आपली आजी दोन पातळ चादरी एकावर एक घ्यायची ना, तेच. शिवाय तीन पातळ असले की एक काढता येतो, जॅकेट एकच असलं की एकतर घामाघूम नाहीतर गारठा. म्हणूनच फार घट्ट पण घालू नये, हवा राहायला जागा हवी.

तर्रीबाज, मी हिवाळ्यात उत्तरेकडे चार वेळा गेले आहे, दोनदा याच मार्गाने, तर ट्रेनचं सांगते. नागपूरला गाडीत बसताना तुम्हाला थंडी फार वाटणार नाही, त्यामुळे सगळे लोकरीचे कपडे मोठ्या बॅगेत आणि बॅग बर्थखाली साखळीने बांधलेली, हे शंभर टक्के होणार. इटारसी-भोपाळपर्यंत ठीक, पुढे झाशी-आग्रा करत गाडी वर गेली की दाराजवळ उभं राहवत नाही, आणि तेव्हा रात्री दोनला तुम्ही मोबाईलच्या उजेडात साखळी सोडवत बसाल आणि खालच्या बर्थवरचे काका शिव्या देतील. प्रत्येकाची एक छोटी पिशवी वेगळी करा, त्यात टोपी, मोजे, हातमोजे, एक फ्लीस. ती उशाशी.

दुसरं म्हणजे धुकं. जानेवारीत त्या पट्ट्यात गाड्या तासन् तास लेट होतात, हे धरूनच चला. डब्यात असताना लेट झाली तर चालतं, पण परतताना गाडीची वाट बघत फलाटावर सहा तास काढायचे असतील तर ती खरी थंडी. जेवण, पाणी, औषध एक दिवस जास्तीचं ठेवा. कटऱ्याहून पुढचं वंदे भारतचं तिकीट पण लगेच त्याच दिवसाचं काढू नका.

आणि ती वंदे भारत आतून छान गरम असते. ही पण एक गंमतच आहे, लोक थर्मल-स्वेटर-जॅकेट घालून तीन तास बसतात, घामेजतात आणि श्रीनगर स्टेशनला, म्हणजे नौगामला, उतरले की बाहेर उणे तापमान. फौजीकाकांचा नियम तिथे लागतो. गाडीत शिरल्यावर काढा, उतरायच्या दहा मिनिटं आधी घाला.

तुम्ही नेमके चिल्ला-ए-कलानमध्ये जाताय. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस, काश्मिरातला सगळ्यात कडक काळ, दल सरोवराचा काठ गोठतो, नळ गोठतात. घाबरवत नाही, मजा पण तेव्हाच आहे. फक्त उंचीचा हिशोब लक्षात ठेवा, दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री उतरते. श्रीनगर १६०० मीटरच्या आतबाहेर, गुलमर्ग २६५० आणि गोंडोलाचा (तिथला रोपवे) दुसरा टप्पा ३९०० च्या वर. म्हणजे श्रीनगरला सकाळी जे वाटलं त्यापेक्षा वर पंधरा डिग्री कमी. बाबांना दुसऱ्या टप्प्याला नेऊ नका असं माझं मत.

अजून एक, थंडीशी संबंध नाही पण सांगून ठेवते, आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. एक तरी पोस्टपेड ठेवा.

महालच्या_काकू | १३ डिसेंबर, दुपारी ४:०५

बनियानला नावं ठेवू नका म्हणावं फौजीभाऊंना, पन्नास वर्षं घालतो आहोत :) बरं, पण घामाचं पटलं.

पोटात काही असलं तर अंगात ऊब राहते हे कोणी बोललंच नाही अजून. तिळाचे लाडू, डिंकाचे लाडू, गूळ-शेंगदाणे, आलेपाक. संक्रांत १४ ला आहे म्हणजे तुमची संक्रांत प्रवासातच, तिळगूळ तसाही लागेलच. दर दोन तासांनी थोडं थोडं तोंडात टाकायचं, एकदम ताट भरून नाही. आणि खोबरेल तेल नेऊ नका बाई, आपल्याकडेच डिसेंबरात गोठतं, तिथे बाटली फोडावी लागेल. तोंडाला-ओठांना व्हॅसलीन घ्या. आईला म्हणावं साडीच्या आत लोकरीची लेगिंग घालायची, लाजायचं नाही, कोण बघायला येतंय. मी चारधामला तसंच केलं होतं.

एमएच३१_बुलेट | १३ डिसेंबर, रात्री ११:२०

मी काश्मीरला गेलो नाही पण दर जानेवारीत बाईकने पचमढी करतो आणि छिंदवाड्याच्या पुढे पहाटे जी लागते ना, ती थंडी नसते, तो वाराच असतो. उणे १० तापमान असेल आणि ताशी ३० चा वारा असेल तर अंगाला उणे २० सारखं लागतं, हे कोष्टकच आहे. म्हणून पैसे जाडीवर घालू नका, वारा अडवण्यावर घाला. माझा गरिबाचा उपाय सांगतो, पावसाळ्यातला रेनकोट-पँट. स्वेटरवरून रेनकोट घातला की फरक लगेच समजतो. आणि लोकल उपाय, छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राची घडी. हसा, पण चहाच्या टपरीवर सगळे ट्रकवाले करतात.

मुख्य म्हणजे जे काही घेणार ते घेऊन आधी रामटेकला जाऊन या. सीरियसली. पहाटे साडेचारला निघा, ५० किलोमीटर, खिंडसीच्या बाजूने वारा येतो, गडावर दगडावर बसा अर्धा तास. तिथे जे कपडे फेल जातील ते काश्मिरात पास होणार नाहीत, आणि रामटेकहून घरी येता येतं. ज्यांना परवडतं त्यांनी पेंचची सकाळची सफारी करावी, उघड्या जिप्सीत तीन तास हलता येत नाही, तिथे तर माझ्या मेव्हण्याचे दात वाजले म्हणून वाघ निघून गेला असं गाईड म्हणाला.

हिवाळी_अधिवेशन | १३ डिसेंबर, रात्री ११:३१

वाघ दातांमुळे नाही गेला, मेव्हणा ओळखला असेल.

पल्लवी_डॉक | १४ डिसेंबर, सकाळी ११:००

बाबांना शुगर आहे हे वाचून लिहिते आहे, कारण वरच्या कोणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही.

बरीच वर्षं शुगर असलेल्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. म्हणजे थंडी लागली तरी समजत नाही आणि चटका बसला तरी समजत नाही. दुसरा भाग जास्त धोक्याचा. हॉटेलात गरम पाण्याची पिशवी देतात, हीटर देतात, काश्मिरात कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) मिळते, बाबांनी त्यातलं काहीही थेट पायाला लावायचं नाही. भाजतं आणि सकाळी फोड दिसतो. गादी आधी गरम करायची, मग पिशवी काढून घ्यायची आणि मग झोपायचं. इलेक्ट्रिक ब्लँकेट असेल तरी तेच, झोपायच्या आधी लावा, झोपताना बंद. रोज रात्री त्यांचे मोजे काढून तळवे, बोटांच्या मधली जागा स्वतः बघा, त्यांना विचारू नका, ते म्हणतील काही नाही झालं. जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवून बीपी तपासून घ्या, थंडीत रक्तवाहिन्या आखडतात आणि बीपी वाढतं. बीपीच्या काही गोळ्यांनी हातपाय जास्त गार पडतात, तेही विचारा, पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

आईंबद्दल. आपल्याकडच्या बायका प्रवासात बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणीच पीत नाहीत. थंडीत तहान कमी लागते पण लघवी उलट जास्त होते, आणि अंगातलं पाणी कमी झालं की थकवा, डोकेदुखी, पायात गोळे. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा आणि घोट घोट द्या.

मुलगी. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ती आपल्यापेक्षा लवकर गार होतात. आणि घोडा, स्लेज असं बसवलं की ओढणारा माणूस घामाघूम आणि बसलेलं मूल गारठलेलं, आपल्याला वाटतं मजा करतंय. मूल बडबड करत असेल तर ठीक. गप्प झालं, चिडचिडं झालं, अडखळत बोलायला लागलं तर खेळ तिथेच थांबवा. थरथर एकदम बंद झाली आणि अंग गारच आहे, सुस्ती आली, ही चांगली खूण नाही, तेव्हा ताबडतोब आत न्या, ओलं काढा, कोरडं घाला आणि दवाखाना गाठा.

बोटं पांढरी-बधिर पडली तर चोळायची नाहीत, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात बुडवायची, आणि शेकोटीवर धरायची नाहीत. तव्यावर तर नाहीच नाही, तर्रीबाज.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणूस जातो. दर हिवाळ्यात उत्तरेकडून अशा बातम्या येतात.

तर्रीबाज | २१ डिसेंबर, दुपारी १२:१५

रामटेक करून आलो!!

मी आणि बाबा (त्यांनीच हट्ट केला), बाईकवर, पहाटे पावणेपाचला. मी नवीन थर्मल, फ्लीस आणि साडूचं जॅकेट मागून आणलं होतं ते. बाबा नेहमीप्रमाणे बनियान, शर्ट, दोन स्वेटर, मफलर. आता निकाल. साडूचं जॅकेट छातीला एकदम मस्त पण त्याच्या चेनमधून वारा सरळ आत येतो, मनसरपर्यंत पोटावर एक थंड पट्टी तयार झाली होती, मोजून चेनच्या रुंदीची. गुडघ्यांचा विचार कोणीच केला नव्हता, जीन्सवर, दोन वाट्या गार करून ठेवल्यासारखे गुडघे. हातमोजे मी फिट्ट घेतले होते, बोटं दहा किलोमीटरमध्ये बधिर, शेवटी काढून इंजिनवर हात ठेवला (डॉक, माफ करा, सवय आहे). आणि बाबा? बाबांना काहीच नाही झालं म्हणे. मागे बसले होते ना, वारा सगळा मी खाल्ला! पण गडावर दगडी पायरीवर दहा मिनिटं बसलो आणि तेच आधी उठले. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, चहा घेऊ. मग गपचूप त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि खाली टाकून बसले. फौजीकाका, तुमचा विजय असो.

पण अजून एक प्रश्न, बुटांचं काय? मी विचार करत होतो की दोन-दोन मोजे घालू.

कामठीचा_फौजी | २१ डिसेंबर, दुपारी २:४०

दोन मोजे घालून बूट टाइट झाला तं एका मोज्यापेक्षा वाईट. रक्तच फिरत नाही. हातमोज्याचं तुमचं तेच झालं. बूट एक नंबर मोठा घ्या, आत एक लोकरीचा मोजा, बोटं हलली पाहिजेत. बोटं हलवत राहा, गाडीत बसले तरी. रात्री मोजे बदला, दिवसाचे मोजे घालून झोपू नका, ते दमट असतात. बूट रात्री खोलीत, दाराबाहेर नाही. आतला तळवा निघत असल तं काढून वाळवा.

गुलमर्गच्या रस्त्यावर तंगमर्गले लांब कोट अन् गमबूट भाड्यानं भेटतात. कोट घ्या, पोट्टीसाठी तं घ्याच. गमबूट पाण्यापासून वाचवते, थंडीपासून नाही, रबरच ते. तरी घ्या लागले तं लोकरीच्या मोज्यावर घ्या.

अन् पाण्याची बाटली रात्री बाहेर राहून गेली तं उलटी ठेवजा. पाणी वरून गोठते, उलटी ठेवली की बुड गोठते अन् झाकण उघडते.

गांधीबाग_होलसेल | २१ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

बारा हजार घालू नका राव, नऊ दिवसांसाठी. तिबेटी लोकांचं स्वेटर मार्केट लागलं आहे ना आपल्याकडे, तिथून लोकरीचे मोजे, टोप्या, हातमोजे घ्या. यातले बरेच जण आपल्याच शेजारचे, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीतले. भाव करायला जाल तर हसून नाही म्हणतात. थर्मल मात्र चांगलं घ्या, तो रोज अंगावर असणार. जॅकेट तिथे भाड्याने.

मुंबईहून_बदली | २१ डिसेंबर, रात्री ८:०२

बाजार कितीपर्यंत चालू असतो? स्वतःसाठी विचारतोय. नागपूरसाठी.

अनुराधा_ट्रेकवाली | २२ डिसेंबर, सकाळी १०:४५

एक राहिलंच. भवनात देवस्थानाकडून कांबळी मिळतात, अनामत भरायची आणि परत केली की पैसे परत. त्यामुळे चढताना जाड पांघरूण पाठीवर वाहू नका. आणि मोबाईल आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी अचानक बंद पडते, आत गरम केली की परत चालू होते. पॉवरबँक पण तसंच. हातात धरायचे गरम पाऊच घेणार असाल तर त्यात लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की तापते, त्यामुळे घट्ट बुटात कोंबले तर नीट तापत नाहीत. थेट कातडीला नको, आणि बाबांना तर नकोच.

तर्रीबाज | २४ जानेवारी, रात्री ९:३०

आलो परत, सगळे धडधाकट. उशीर झाला लिहायला, कपडेच धुवून संपत नाहीयेत.

जाताना गाडी सात तास लेट. छोट्या पिशव्या उशाशी होत्या म्हणून आमचा कंपार्टमेंट सुखात, समोरच्या बाजूला एक कुटुंब रात्री बॅगा उपसत होतं आणि मी अनुराधाताईंचं नाव घेऊन कुस बदलली. कटऱ्यात एक दिवस मोकळा ठेवला होता तो सगळा या लेटनेच खाल्ला. संक्रांत तिथेच झाली, आईने चढताना घोडेवाल्याला, चहावाल्याला, पुढच्या रांगेतल्या पंजाबी आजींना तिळगूळ दिला, कोणाला गोड बोला कळलं नसेल पण सगळ्यांनी खाल्ला. आई-बाबा घोड्यावर, आम्ही तिघं पायी, आणि झालं नेमकं उलटं, आम्ही जॅकेट काढून चालतोय आणि घोड्यावर बसून बसून आईचे हात गार. मग मधात मधात उतरवून चालवलं. वर पोचल्यावर आधी कपडे बदलले, मग चहा. इनर पिळला असता तर पाणी निघालं असतं, एवढा घाम, आणि बाहेर तोंडातून वाफ निघत होती. कांबळी घेतली, रांगेत अडीच तास काढले, कोणाचे दात वाजले नाहीत.

गुलमर्गला पोरीला स्लेजवर बसवलं. पहिली पंधरा मिनिटं किंचाळत होती, मग मी व्हिडिओ काढत होतो तर आवाजच नाही. मला वाटलं बर्फ बघून भारावली. बायकोने धाग्यावरचं वाचलं होतं, ती म्हणाली थांबव. हातमोज्यात बर्फ जाऊन बोटं ओली झाली होती आणि तिने सांगितलंच नाही, कारण सांगितलं तर खाली उतरवतील. दुसरा कोरडा जोड होता तो घातला, तिचे हात माझ्या काखेत धरले दहा मिनिटं, मग कहवा (काश्मिरी चहा), मग परत बडबड सुरू. लहान मुलांसाठी हातमोजे दोन जोड नाही, तीन न्या. हे माझं एकमेव ज्ञान आहे, लिहून घ्या.

डॉक, तुमचे खास आभार. श्रीनगरला दुसऱ्या रात्री बाबांचे मोजे काढले तर करंगळीशेजारी मोज्याच्या शिवणीची लाल रेघ होती, चांगली खोल, आणि त्यांना पत्ताच नाही. मोजे उलटे करून घालायला लावले, शिवण बाहेर. दोन दिवसात गेली. हॉटेलवाल्याने गरम पाण्याची पिशवी आणून दिली होती ती आईने स्वतःच्या पायाशी घेतली आणि बाबांना हातही लावू दिला नाही.

गोधडी. आई शेवटपर्यंत पांघरायचीच म्हणत होती. परतताना फलाटावर चार तास गाडी नाही, धुक्यात समोरचा खांब दिसत नव्हता, लोखंडी बाक एवढा गार की हात लावला तर चटका लागल्यासारखा. गोधडीची चार घडी करून पाच जण एका बाकावर दाटीवाटीने बसलो, पोरगी मधात. शेजारचे सरदारजी उभेच होते बराच वेळ, आईने सरकून त्यांना पण एक कोपरा दिला.

बनियानबद्दल काकूंना सांगायचं म्हणजे, आईने पहिल्या दिवशी थर्मलच्या आतून घातली, दुसऱ्या दिवशी थर्मलच्या वरून. आमच्या घरात याला तडजोड म्हणतात.

महालच्या_काकू | २४ जानेवारी, रात्री ९:५२

वरून तर वरून, घातली ना. जिंकलो आम्ही.

एमएच३१_बुलेट | २४ जानेवारी, रात्री १०:२०

साडूच्या जॅकेटची चेन?

तर्रीबाज | २४ जानेवारी, रात्री १०:२६

आतून वर्तमानपत्राची पट्टी लावली होती. साडूला सांगू नका, परत करताना काढायची राहिली.

मुंबईहून_बदली | २५ जानेवारी, सकाळी ८:४०

भाऊ, फेब्रुवारीत मनालीला जायचं ठरतंय, अटल बोगद्याच्या पलीकडे सिस्सूपर्यंत. तुमचे ते एक नंबर मोठे घेतलेले बूट कोणत्या मापाचे आहेत? माझा पाय ८.

तर्रीबाज | २५ जानेवारी, सकाळी ९:०५

९ चे आहेत, जमतील. वाळत घातले आहेत, रविवारी या घ्यायला, पोहे खाऊन जा. मोजे मात्र तुमचे तुम्ही आणा.